वंगण, वाळूची पिशवी आणि गुडघा

सोलापूरच्या इतिहासावर आपण बोलतो तेव्हा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सुरुवात होते. मग भोंगा, चाळी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, चादर, यंत्रमाग. हा सगळा इतिहास हातांचा आहे. आज मला गुडघ्यांचा इतिहास सांगायचा आहे. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन वर्षं झाली, पण पूर्व भागातल्या घराघरांत बायका अजून मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायचं नाही. उठायची वेळ आली की एक हात जमिनीला, एक हात भिंतीला आणि तोंडात "अगं आई गं".

या दुखण्याला आपल्याकडे ठरलेलं वाक्य आहे, "गुडघ्यातलं वंगण संपलंय." मागाच्या शहराला हे वाक्य लगेच पटतं. मागाला तेल घातलं नाही तर तो कुरकुरतो, तसा गुडघाही कुरकुरतो. मग वंगण मिळतं कुठे? डब्यात, पुडीत, कॅप्सुलीत. माझ्याकडे असलेल्या बचत गटांच्या कर्जनोंदीत पूर्वी "बियाणे", "शाळेची फी", "शिलाई मशीन" अशी कारणं असायची. आता मधूनच "गुडघ्याचे औषध" असं दिसतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध असेल तर माझी तक्रार नाही. पण बरंचसं असतं ते कुणीतरी घरी येऊन विकलेलं, तीन महिन्यांचा कोर्स, पैसे एकदम. विड्या वळून मिळवलेल्या पैशातून तो हप्ता फेडायचा असतो. म्हणून ही वंगणाची कल्पना आली कुठून आणि तपासून पाहिल्यावर तिचं काय झालं, हे जरा सविस्तर पाहू.

दुखणं नवीन नाही. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे. सांधा हाताला वाऱ्याने भरलेल्या पिशवीसारखा लागतो, सूज असते, वाकवताना आणि सरळ करताना वेदना होतात. आज दवाखान्यात जे सांगतो तेच. लंडनमध्ये १७४३ साली विल्यम हंटर या डॉक्टरने सांध्यातल्या कूर्चेवर निबंध वाचला आणि ती एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, असं नोंदवलं. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, पांढरं आवरण म्हणजे कूर्चा. झिजते ती मुख्यतः हीच, पण झीज तिच्यापाशी थांबत नाही. आजूबाजूचं हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू सगळंच बदलत जातं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरं. पण तोंडाने घेतलेली गोळी तेलाच्या कुपीसारखी थेट तिथे जाऊन पडत नाही. ती आधी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या शरीरात फिरते.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. तरी गुडघा किती झिजलाय हे सगळ्यांनी एकाच मापाने मोजावं, यासाठी १९५७ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. तुमच्या रिपोर्टवर "ग्रेड दोन", "ग्रेड तीन" लिहितात ती हीच मोजणी. या दोघांनी सुरुवात केली ती लँकेशायरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांपासून. खाणीत गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले दिसले. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. पुढे लॉरेन्सने तिथल्या सूतगिरणी कामगारांचे सांधेही तपासले. आपल्या गिरणी कामगारांचे सांधे तेव्हा असे कुणी तपासले असते तर पूर्व भागाचा इतिहास जरा वेगळा लिहिला गेला असता, असं मला वाटतं.

पुढे अमेरिकेत आणि चीनमध्ये असे अभ्यास झाले. २००१ साली बीजिंगच्या वयस्कर स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांशी केली, तर गुडघ्याची झीज बीजिंगमध्ये जास्त निघाली, त्या बायका अंगाने बारीक असूनही. २००४ साली तरुणपणी दिवसात किती वेळ उकिडवं बसत होता हे विचारलं, तेव्हा जास्त वेळ बसणाऱ्यांत झीज जास्त दिसली. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं अगदी एकच नाही. पण आपल्या दिवसात दोन्ही असतं. विडी मांडी घालून, धुणं-भांडी आणि संडास उकिडवं बसून.

आपल्याकडचा पहिला मोठा हिशोब लांबचा नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना टेंभुर्णी, इंदापूर मागे पडलं की भिगवण लागतं. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला लोक थांबतात तेच गाव. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेरोगतज्ज्ञांची जागतिक संस्था यांनी १९८१ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला होता. गावोगावी जाऊन सांधेदुखी मोजायची, तीही कमी खर्चात. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने ही पाहणी भिगवणमध्ये झाली. घरोघरी जाऊन विचारण्याचं काम गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. झिजेचा संधिवात सुमारे ५.८ टक्के लोकांना. ज्या संधिवाताची आपण जास्त धास्ती घेतो, तो बोटं वाकडी करणारा आमवात, जेमतेम अर्धा टक्का. खेड्यातल्या माणसाला कष्टाची सवय असते, त्याचे सांधे मजबूत, असं शहरातले लोक म्हणत आले होते. भिगवणच्या आकड्यांनी ते खोटं ठरवलं.

आता वंगणाच्या गोळीची जन्मकथा. ग्लुकोसामाइन हे नाव डब्यावर तुम्ही वाचलं असेल. गेओर्ग लेडरहोझ या जर्मन संशोधकाने १८७६ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं. कशातून, तर लॉबस्टर या समुद्री जिवाच्या कवचातून. आजही ते बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासूनच करतात. आपला जिल्हा पंढरपूरचा. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि रोज सकाळी कॅप्सूल खेकड्याच्या कवचाची! माळकरी मैत्रिणींनी डब्यावरची शाकाहाराची हिरवी खूण आहे का, हे एकदा बघून घ्यावं. शाकाहारी पद्धतीने केलेलंही मिळतं.

या पदार्थाचा बाजार खरा वाढला तो अमेरिकेत. तिथे १९९४ मध्ये असा कायदा झाला की पूरक आहार म्हणून विकायचं असेल, तर औषधासारखा गुण सिद्ध करून आधी परवानगी घ्यायची गरज नाही. तीन वर्षांनी, १९९७ च्या सुरुवातीला, जेसन थिओडोसाकिस या डॉक्टरचं "द आर्थ्रायटिस क्युअर" हे पुस्तक आलं आणि ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन हे जोडनाव घरोघरी गेलं. गंमत अशी की त्या पुस्तकात नऊ पायऱ्या होत्या आणि त्यात व्यायाम होता, आहार होता. लोकांनी गोळी तेवढी उचलली. व्यायाम विकता येत नाही ना.

१९९७ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी दुसऱ्या बाजूलाही दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पण त्यासाठी आधी पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. पायाला, मांडीला जखमा झालेल्या अमेरिकन सैनिकांनी शिकागोचं लष्करी इस्पितळ भरलं होतं. प्लास्टर निघालं तरी पाय चालत नव्हते, महिनोन्‌महिने खाटा अडून राहायच्या. तेव्हाची पद्धत हलक्या हालचाली भरपूर वेळा करायची होती. थॉमस डीलॉर्म नावाच्या तरुण डॉक्टरने उलटं केलं. हा माणूस लहानपणी रूमॅटिक तापाने अंथरुणाला खिळला होता आणि पुढे वजनं उचलून अंगात ताकद आणली होती. त्याने सैनिकांच्या पायाला वजन बांधलं आणि ते थोडं थोडं वाढवत नेलं. त्याचा लेख १९४५ मध्ये छापून आला. १९४८ मध्ये त्याने पद्धत सोपी केली. एका माणसाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन शोधायचं, मग आधी त्याच्या निम्म्याने दहा वेळा, नंतर पाऊण वजनाने दहा वेळा, शेवटी पूर्ण वजनाने दहा वेळा. जिममध्ये मुलं "तीन सेट" म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे.

यात गुडघ्याशी संबंध असलेली गोष्ट म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू. चालताना, जिना उतरताना गुडघ्यावर येणारा धक्का तो झेलतो. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, गुडघा दुखतो म्हणून माणूस चालत नाही, म्हणून हा स्नायू रोडावतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानामध्ये वयस्कर लोकांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांचे गुडघे झिजलेत पण अजून दुखत नाहीत, त्यांचाही हा स्नायू कमजोर निघाला. म्हणजे अशक्तपणा दुखण्याच्या आधीच येऊन बसलेला असू शकतो. आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्टच्या मंडळींचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढचे, गुडघे झिजलेले ४३९ लोक. एका गटाला चालण्याचा व्यायाम, दुसऱ्याला वजनांचा, तिसऱ्याला नुसती आरोग्याची माहिती. अठरा महिन्यांनी दोन्ही व्यायामांच्या गटांत वेदना कमी होती आणि हालचाल बरी होती. फार नाही, पण स्पष्ट. झिजलेल्या सांध्याला विश्रांतीच द्यावी, या जुन्या सल्ल्याला तिथे मोठा धक्का बसला. आपल्याकडे मात्र "आता बसून राहा हं आई" हा सल्ला अजून प्रेमाने दिला जातो.

गोळीची परीक्षा उशिरा झाली. २००६ मध्ये अमेरिकन सरकारच्या पैशाने १५८३ रुग्णांवर प्रयोग झाला. चोवीस आठवडे कुणाला ग्लुकोसामाइन, कुणाला कॉन्ड्रॉइटिन, कुणाला दोन्ही, कुणाला वेदनेचं नेहमीचं औषध, आणि कुणाला नुसती खोटी गोळी. खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ६०.१ टक्के लोकांना बरं वाटलं! दोन्ही खऱ्या गोळ्या एकत्र घेतलेल्यांत ६६.६ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. शेजारीण शपथेवर सांगते की "मला गुण आला", ती खोटं बोलत नाही. शंभरातल्या साठजणींना काहीही नसलेल्या गोळीनेही गुण येतो.

आता मूळ प्रश्न, दोन्ही एकत्र केलं तर? हा प्रयोगही झालाय, वेक फॉरेस्टमध्येच. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ८९ माणसं. पहिले सहा महिने निम्म्यांना ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन, निम्म्यांना खोटी गोळी. पुढचे सहा महिने सगळ्यांना गोळीच्या जोडीला व्यायाम. शेवटी खऱ्या गोळीचा गट खोट्या गोळीच्या गटापेक्षा पुढे गेलेला दिसला नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून शेवटचा निकाल लावू नये. पण तीन महिन्यांच्या कोर्ससाठी कर्ज काढण्याआधी तो माहीत असावा. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. अमेरिकेत २०१३ मध्ये १४६ जणांवर दोन वर्षं पाहिलं, ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये ४१३ जणांवर. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा ठरवलेला फायदा दिसला नाही. रक्तात ड जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर डॉक्टर देतील ते घ्यावं, हाडांसाठी ते लागतंच. सोलापूरच्या उन्हातसुद्धा दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला ऊन लागत नाही.

आपल्या मातीतल्या औषधांची तपासणी महाराष्ट्रातच झाली, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. मेळघाटाकडच्या जंगलात साळईचं झाड असतं, संस्कृतात शल्लकी. त्याच्या डिंकाचा अर्क नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात ३० रुग्णांना आठ आठवडे देऊन पाहिला. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. वेदना आणि सूज कमी झाली, क्ष-किरणाच्या चित्रात मात्र फरक नाही. पुढे भिगवणच्या पाहणीमागच्या त्याच डॉ. चोप्रांच्या चमूने ४४० रुग्णांवर चोवीस आठवडे गुळवेल, सुंठ, आवळा आणि शल्लकी, काहींत गुग्गुळसुद्धा, अशी मिश्रणं ग्लुकोसामाइन आणि वेदनाशामकाच्या बरोबरीने ताडून पाहिली. २०१३ मध्ये निकाल आला. आयुर्वेदिक मिश्रणं त्यांच्या तोडीस तोड. पण दोन गोष्टी मी त्याच दमात सांगणार. त्यात खोट्या गोळीचा गट नव्हता, आणि ग्लुकोसामाइनच्या बरोबरीचं म्हणजे किती, हे आपण आत्ताच पाहिलं. दुसरं, सातजणांच्या रक्तात यकृताचा एक आकडा वाढला. त्रास जाणवला नव्हता, औषध थांबवल्यावर तो आकडा पूर्ववत झाला. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नये. आणि ज्या पुडीवर नाव-गाव नाही तिला तर हातच लावू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात पुन्हा पुन्हा सापडले आहेत. चार दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर आधी संशय घ्यावा.

डबाबंद पूरक आहाराचे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले. त्यात डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापावं लागतं. विकणारा तोंडाने "गुडघा शंभर टक्के बरा" म्हणत असतो, त्याच वेळी डबा त्याच्या विरुद्ध साक्ष देत असतो. मुलीला, सुनेला ते बारीक अक्षर वाचायला सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ग्लुकोसामाइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

मग व्यायामाला जोड द्यायचीच नाही का? आहे, पण ती ताटातली. स्नायू वाढायला प्रथिनं लागतात. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्या बाईला ती पुरत नाहीत. आपल्याकडे शेंगा आहेत, शंभर ग्रॅममध्ये पंचवीसच्या आसपास प्रथिनं. पण चटणी चिमूटभर खाऊन भागणार नाही. हुलगा, मटकी, घट्ट वरण, दही, खात असाल तर अंडं. आधी पुरुषांना वाढून उरलेलं खायची आपली रीत प्रथिनांच्या बाबतीत सर्वांत महाग पडते. २०११ मध्ये ब्राझीलमध्ये पाळी गेलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बायकांना बारा आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम दिला आणि काहींना जोडीला क्रिएटिन नावाचं पूरक. त्या गटाची हालचाल जास्त सुधारली. आशा वाटावी असा प्रयोग आहे, पण थोड्याच बायकांवर झालेला. किडनीचा त्रास असणारीने या वाटेला परस्पर जाऊ नये.

व्यायामाचीही फुशारकी नको. २०१५ साली चोपन्न प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा शंभरच्या मापावर वेदना सुमारे बारा गुणांनी उतरलेली दिसली. सोडून दिला की गुण ओसरतो. २०२१ मध्ये ३७७ जणांवर जड वजन आणि हलकं वजन यांची अठरा महिने तुलना झाली. जड वजनाचा जास्त फायदा निघाला नाही. इतकंच काय, जे नुसते आरोग्याच्या चर्चेला येत होते त्यांच्यापेक्षाही फार फरक पडला नाही, बरं तिन्ही गटांना वाटलं. चार लोकांत येऊन बसण्याचाही काही गुण असावा, असं मी यावरून समजते. अभ्यासकांनी तसं म्हटलेलं नाही, हे माझं. पण आपल्याला जिमची आणि जड लोखंडाची गरज नाही, एवढं तर त्यातून नक्की निघतं.

शेवटच्या पायरीला शस्त्रक्रिया असते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा सांधा ५४,७२० रुपये, वर कर. पूर्वी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. ज्यांना गरज आहे त्यांनी घाबरू नये, पण शस्त्रक्रियेनंतरही मांडीच्या स्नायूचा व्यायाम चुकत नाही. उलट आधीपासून केलेला असेल तर बरं.

आमच्या गटांत हप्ता गोळा झाला की आम्ही वीस मिनिटं हे करतो, आठवड्यात एकदा एकत्र आणि दोनदा घरी. खुर्चीवर किंवा कॉटच्या कडेला बसायचं. एक पाय हळूहळू सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळूच खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच. दोन आठवड्यांनी घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी. डीलॉर्मने लोखंड बांधलं, आपण वाळू बांधतो. दुसरा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. न जमल्यास बसायला उशी घेऊन उंची वाढवा. विडी वळताना तासाभराने एकदा उठा, आणि शक्य असेल तिथे पाटावर किंवा खुर्चीवर बसून सूप स्टुलावर ठेवा. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल तर वजन आणि वेळा कमी करा. गुडघा लाल, गरम, एकाएकी सुजलेला असेल, ताप असेल किंवा पडून मार लागला असेल, तर व्यायाम बंद आणि आधी दवाखाना.

ज्या अक्कांनी पिशवीचं माप विचारलं होतं त्यांच्यासाठी: जुन्या जाड कापडाची, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टी दुहेरी शिवा, दोन्ही टोकांना नाडी ठेवा. वाळू चाळून, उन्हात कडक वाळवून, दुकानात तोलून भरा. ओली भरली तर अर्धा किलो म्हणून बांधलेली पिशवी आठ दिवसांत हलकी होते आणि वजन वाढवल्याचा हिशोब चुकतो.